प्रयोगशाळेंतील साहाय्यक

आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांस "पुढें कोण होणार?" असें विचारलें असतां डॉक्टर, इंजिनियर, वकील, शिक्षक अशीं उत्तरें येतात. "प्रयोगशाळेंत साहाय्यक होणार," असें उत्तर आम्हीं आजवर एकाही मुलाच्या तोंडून ऐकलें नाहीं. त्यांत नवलही नाहीं. हा मनुष्य कोणाच्या दृष्टीसच पडत नाहीं. लस टोंचणारी परिचारिका दिसते, औषध लिहून देणारा डॉक्टर दिसतो, वर्तमानपत्रांत एखाद्या प्राध्यापकाचें छायाचित्र दिसतें. परंतु ज्यानें नळ्यांवर नांवें घातलीं, पेशी मोजल्या व रात्रीं दहा वाजतां येऊन यंत्र बंद केलें, तो पडद्याआडच राहतो. आम्हीं स्वतः एका विद्यापीठाच्या रोगप्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेंत दोन वर्षें हें काम केलें आहे. तेव्हां त्याची हकीकत आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचा थोडाबहुत अधिकार आम्हांस आहे, असें समजून हा लेख लिहीत आहों.

प्रथम या शास्त्राविषयीं दोन शब्द. ज्यास एकदां गोवर येऊन गेला त्यास तो सहसा पुन्हां येत नाहीं, ही गोष्ट आपल्या घरांतील आजीबाईंसही ठाऊक असते. ख्रिस्तपूर्व ४३० सालीं अथेन्स शहरांत जी भयंकर सांथ आली तिचें वर्णन थ्युसिडिडीझ या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. त्यांतही, जे दुखण्यांतून उठले तेच निर्धास्तपणें इतर रोग्यांची शुश्रूषा करीत, कारण तो रोग त्यांस पुन्हां प्राणघातक होत नसे, अशी नोंद आहे. असें कां होतें, याचा शोध करणारें जें शास्त्र तें रोगप्रतिकारशास्त्र. रक्तांतील पांढऱ्या पेशींपैकीं लसिकापेशी म्हणून ज्या आहेत त्या परक्या जंतूची ओळख पटवून घेतात. त्यांतील कांहीं पेशी प्रतिपिंडें नांवाचे पदार्थ तयार करून रक्तांत सोडतात, व ते पदार्थ त्या विवक्षित जंतूसच जाऊन चिकटतात. दुसऱ्या कांहीं स्वतःच रोगट पेशींवर चालून जातात. एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील मजकूर समजण्यास अडचण पडणार नाहीं.

आतां साहाय्यकाच्या दिवसाकडे वळूं. सकाळीं प्रयोगशाळेंत आल्याबरोबर पहिलें काम म्हणजे इन्क्युबेटरवरील आंकडे वहींत उतरून घेणें. मनुष्याच्या पेशींस मनुष्याच्या अंगाची ऊब लागते, म्हणून या पेटींत ३७ अंश सेल्सिअस उष्णता व हवेंत सुमारें ५ टक्के कार्बन डायॉक्साइड वायु ठेवावा लागतो. रात्रीं वीज गेली, किंवा वायूचें नळकांडें रिकामें झालें, कीं कित्येक आठवड्यांची मेहनत सकाळीं मेलेली आढळते. पेशी ज्या द्रवांत वाढतात तो तांबूस असतो. तो आम्ल होऊं लागला कीं पिंवळा पडतो, व सरावलेला साहाय्यक दुरूनच रंग पाहून 'आज यांस खाऊं घातलें पाहिजे' असें ओळखतो. आमच्या येथील एक वृद्ध सेवक या कामास 'गुरांचें चारापाणी' म्हणत असे. तें नांव फारसें चुकीचें नव्हतें. कारण रविवार, दिवाळी किंवा घरचें लग्नकार्य यांपैकीं पेशींस कांहींच समजत नाहीं.

रक्ताचें काम आम्हांस अधिक आवडे. एका नळींत साखरेपासून बनविलेला एक दाट द्रव घ्यावयाचा, व त्यावर पातळ केलेलें रक्त नळीच्या कडेनें थेंबथेंब सोडावयाचें. हात जरा हलला तर दोन्ही द्रव मिसळतात व सारें फुकट जातें. मग ती नळी सेंट्रिफ्यूज यंत्रांत सुमारें अर्धा तास फिरवावयाची. समोरासमोरच्या दोन नळ्या वजनानें अगदीं सारख्या हव्यात, नाहीं तर तें यंत्र भरधांव बैलगाडीप्रमाणें धडधडूं लागतें व मोडतेंही. यंत्र थांबल्यावर नळी उजेडांत धरावी. तांबड्या पेशी तळाशीं बसलेल्या, वरच्या भागीं पिंवळसर द्रव, आणि मध्यें धुक्यासारखें एक पांढुरकें कडें! त्या बारीकशा कड्यांत लसिकापेशी असतात. ज्यांच्यामुळें आपण देवी, गोवर व घटसर्प यांतून वांचतों त्या साऱ्या रक्षकांचें दर्शन एवढेंच. तें कडें पिपेटनें हलकेच उचलून घ्यावयाचें असतें, आणि पहिल्या दिवशीं आमचा हात इतका कांपला कीं, तें उचलण्याऐवजीं आम्हीं तें ढवळून टाकिलें.

मग मोजणी. न्यूबाउअर याच्या नांवानें ओळखली जाणारी एक कांचेची पट्टी असते. तिच्यावर सूक्ष्म चौकोन कोरलेले असतात. पेशींत ट्रिपॅन ब्लू नांवाचा निळा रंग मिसळून एक थेंब त्या पट्टीवर सोडतात व सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. जिवंत पेशी तो रंग आंत घेत नाहीं, ती चकाकत राहते; मेलेली पेशी निळी होते. चौकोनाच्या रेघेवरच बसलेल्या पेशीचें काय करावयाचें? तर वरच्या व डाव्या रेघेवरील मोजावयाच्या, खालच्या व उजव्या रेघेवरील सोडावयाच्या, असा नियम एकदां ठरवून घेतात व पुढें तोच पाळतात. आपल्या मनास येईल तेव्हां नियम बदलणारास इच्छित आंकडा काढणें फार सोपें आहे. एक मिलिलिटर रक्तांत निरोगी मनुष्याच्या सुमारें दहा ते तीस लाख लसिकापेशी असतात. आपण मोजतों त्या शंभर-दोनशें, व त्यांवरून गुणाकार करतों. म्हणजे येथें एक पेशी चुकली तर तेथें हजारों चुकल्या.

पालक मंडळींच्या मनांत निराळेच प्रश्न असतील, तेही आटोपून घेऊं. या कामास बहुधा जीवशास्त्र किंवा त्यासारख्या विषयांतील पदव्युत्तर पदवी लागते. जागा पुष्कळदां एखाद्या प्रकल्पापुरती असते. प्रकल्पाचा पैसा संपला कीं जागाही संपते. पगार बेताचा. ज्यांच्या मुलास किंवा मुलीस लौकर स्थिरस्थावर व्हावयाचें आहे त्यांनीं याचा विचार आधींच करावा, हें आम्ही आडपडदा न ठेवतां सांगतों. धोक्याविषयीं म्हणाल, तर पूर्वीं पिपेटमधील द्रव तोंडानें ओढून घेण्याची चाल होती व तिच्यामुळें कित्येक साहाय्यकांस ज्या रोगाचा अभ्यास चालला होता तोच जडला. आतां ती चाल बहुतेक ठिकाणीं बंद झाली आहे. हातमोजे, निर्जंतुक हवेची पेटी, काविळीची लस, यांमुळें काळजीपूर्वक काम करणारास भीति थोडी. प्राण्यांवर प्रयोग करावयाचे झाल्यास नीतिसमितीची संमति आधीं घ्यावी लागते.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, "यांत बुद्धीचें काम तें कोणतें? हें तर हमालीचेंच काम!" या आक्षेपास उत्तर म्हणून आम्ही अमेरिकेंतील एक खरी गोष्ट सांगतों. ती कोंबड्यांची आहे.

कोंबडीच्या शरीरांत, शेपटीच्या मुळाशीं, विष्ठा बाहेर पडण्याच्या मार्गास लागून एक लहानशी पिशवी असते. इटलींतील पादुआ विद्यापीठांतील शरीररचनाशास्त्रज्ञ फाब्रिसियस यानें तिचें वर्णन केलें. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६२१ सालीं छापला गेला. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे हा याच फाब्रिसियसचा शिष्य. पिशवीस गुरूचें नांव मिळालें, परंतु ती कशासाठीं आहे हें तीनशें वर्षें कोणासही सांगतां आलें नाहीं.

१९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत कोलंबस शहरांतील ओहायो राज्याच्या विद्यापीठांत ब्रूस ग्लिक नांवाचा एक विद्यार्थी कुक्कुटशास्त्राचा अभ्यास करीत होता. एका हंसाच्या शरीरांतून ही पिशवी काढतांना त्यानें पाहिलें व तिचें कार्य काय, असें प्राध्यापकांस विचारलें. प्रश्न चांगला आहे, उत्तर तूंच शोधून काढ, अशा अर्थाचें उत्तर त्यास मिळालें. ग्लिकनें मग लहान पिलांच्या शरीरांतून ती पिशवी काढून टाकण्यास सुरुवात केली. पिलें वाढलीं, दाणे टिपूं लागलीं, धष्टपुष्ट झालीं. पिशवी असलेल्या व नसलेल्या पक्ष्यांत कांहींच फरक दिसेना. उत्तर मिळालें नाहीं, आणि ते पक्षी तसेच खुराड्यांत राहिले.

त्याच विभागांत टिमथी चँग हा दुसरा एक विद्यार्थी होता. त्याच्याकडे वर्गाच्या अध्यापनांत साहाय्य करण्याचें काम होतें. कोंबडीस विशिष्ट जंतूंचें अंतःक्षेपण केलें असतां तिच्या रक्तांत प्रतिपिंडें कशीं निर्माण होतात, हें त्यास वर्गांत दाखवावयाचें होतें. हा प्रयोग आमच्या वाचकांनीं समजून घेण्यासारखा आहे. जंतु टोंचल्यावर कांहीं दिवसांनीं कोंबडीचें रक्त घेतात व तें गोठूं देतात. वर जें पिंवळसर पाणी सुटतें त्यास सीरम म्हणतात. ओळीनें नळ्या मांडून पहिलींत तें सीरम थोडें पातळ करावयाचें, दुसरींत त्याच्या निम्मे, तिसरींत त्याच्याही निम्मे, असें करीत जावयाचें, व प्रत्येक नळींत तेच जंतु सोडावयाचे. प्रतिपिंडें असलीं तर जंतूंचे गठ्ठे जमून तळाशीं बसतात. नसलीं तर द्रव गढूळचा गढूळ राहतो. कितव्या नळीपर्यंत गठ्ठे जमले यावरून प्रतिपिंडांचें प्रमाण कळतें. वर्षानुवर्षें हा प्रयोग वर्गांत होत आला होता व तो कधीं फसत नसे.

चँगला कोंबड्या हव्या होत्या. त्यानें ग्लिकजवळ मागितल्या व ग्लिकनें आपल्या शिलकी पक्ष्यांतून दिल्या. त्यांस साल्मोनेला जंतूंचें अंतःक्षेपण करण्यांत आलें. कांहीं पक्षी मेले. जे जगले त्यांचें सीरम नळ्यांत घातलें, तों गठ्ठे जमेनात! सगळ्या वर्गासमोर प्रयोग फसला.

आमच्या वाचकांनीं क्षणभर चँगच्या जागीं स्वतःस कल्पून पाहावें. वर्ग संपला आहे, विद्यार्थी गालांत हंसत निघून गेले आहेत, पुढच्या तासाची तयारी करावयाची आहे. पक्षी वाईट निघाले असें म्हणून नळ्या धुवून टाकणें किती सोपें होतें! आम्हांस विचाराल तर, आम्हीं त्या धुतल्या असत्या. चँग नळ्या धुवून गप्प बसला नाहीं. तो ग्लिककडे गेला. पक्ष्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तों ज्यांच्या रक्तांत प्रतिपिंडें झालीं नव्हतीं ते पिशवी काढलेले पक्षी होते असें आढळून आलें. तीन शतकें न सुटलेलें कोडें सुटण्याची वाट एका फसलेल्या तासांतून निघाली होती. आणि येथें नोंदींचें महत्त्व पाहावें: कोणत्या पक्ष्याची पिशवी काढली हें ग्लिकनें लिहून ठेविलें नसतें, तर चँगच्या शंकेस उत्तर मिळालेंच नसतें.

दोघांनीं मग पुष्कळ पक्षी घेऊन प्रयोग पुन्हां केला व तेंच फळ मिळालें. पिशवी पिलाच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत झपाट्यानें वाढते व कोंबडी वयांत आली कीं आक्रसून जाते, म्हणून ती लहानपणींच काढली तर परिणाम ठळक दिसतो, हेंही लक्षांत आलें. त्यांनीं व त्यांचे मार्गदर्शक जॉर्ज जाप यांनीं मिळून लिहिलेला निबंध 'सायन्स' या विख्यात नियतकालिकानें परत पाठविला. शेवटीं तो १९५६ सालीं 'पोल्ट्री सायन्स' या कुक्कुटपालनाच्या नियतकालिकांत छापून आला. मनुष्याच्या रोगांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तें नियतकालिक सहसा वाचीत नसत, त्यामुळें कित्येक वर्षें या शोधाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

पुढची कथा थोडक्यांत सांगतों. १९५२ सालींच ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकन डॉक्टरानें एका आठ वर्षांच्या मुलाचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. त्या मुलास पुनःपुन्हां जंतुदोष होई, व त्याच्या रक्तांत प्रतिपिंडांचा अंश आढळत नव्हता. १९६१ सालीं लंडनमध्यें जॅक मिलर यांनीं उंदरांवर प्रयोग करून छातींतील थायमस ग्रंथीचें महत्त्व सिद्ध केलें. १९६५ सालीं मिनेसोटा विद्यापीठांत मॅक्स कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करून दाखविलें कीं, प्रतिपिंडें करणाऱ्या पेशी या पिशवीवर अवलंबून असतात, व त्वचारोपण झुगारून देणें यासारखीं कामें करणाऱ्या पेशी थायमसवर. या पिशवीस लॅटिन भाषेंत 'बर्सा' म्हणतात. तिच्या आद्याक्षरावरून पहिल्या प्रकारास 'बी' पेशी व थायमसवरून दुसऱ्या प्रकारास 'टी' पेशी हीं नांवें पुढें रूढ झालीं. मनुष्याच्या शरीरांत ही पिशवी नाहीं. आपल्या 'बी' पेशी अस्थिमज्जेंत तयार होतात. योगायोग असा कीं, तीही इंग्रजी शब्दाच्या त्याच आद्याक्षरानें सुरू होते! मिलर व कूपर यांस २०१९ सालीं लॅस्कर पारितोषिक देण्यांत आलें. आज 'बी' पेशींच्या विशिष्ट कर्करोगांवर जीं औषधें दिलीं जातात, त्यांतील रिटुक्सिमॅब हें १९९७ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. तें स्वतःच एक प्रतिपिंड आहे व 'बी' पेशींनाच जाऊन चिकटतें.

हा झाला साहाय्यकाच्या दक्षतेचा महिमा. त्याच्या हातून एका क्षणांत काय घडूं शकतें याचेंही एक उदाहरण आहे, व तें आपल्या मुंबई शहराशीं निगडित आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली तेव्हां वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजच्या इमारतींत अपुऱ्या साधनांनिशीं काम करून प्लेगची लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें परळ येथें त्यांची प्रयोगशाळा स्थापन झाली व तेथून लक्षावधि लोकांसाठीं लस बाहेर जाऊं लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल नांवाच्या खेड्यांत १०७ लोकांस ही लस टोंचण्यांत आली. त्यांतील एका विवक्षित बाटलींतून ज्या १९ जणांस टोंचलें होतें, ते सर्व धनुर्वातानें मेले. बाटली मुंबईसच दूषित झाली असा ठपका ठेवून हाफकिन यांस कामावरून दूर करण्यांत आलें. वास्तविक त्या खेड्यांत बाटली उघडतांना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्वालेवर धरून शुद्ध करावयास हवा होता, पण केवळ जंतुनाशक पाण्यांत हलवून त्यानेंच बूच काढण्यांत आलें. बाटली उघडली तेव्हां तिला दुर्गंध नव्हता, आणि धनुर्वाताचे जंतु आंत आधींपासून वाढत असते तर तो आलाच असता. हें सारें मांडून रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं उघड पाठिंबा दिला, तेव्हां कोठें १९०७ सालीं हाफकिन यांच्यावरील कलंक दूर झाला. ते हिंदुस्थानांत परत आले ते कलकत्त्यास. आपल्या परळच्या प्रयोगशाळेंत नव्हे. त्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव १९२५ सालीं देण्यांत आलें.

त्या साहाय्यकाविषयीं आम्हांस राग येत नाहीं. बाहेर लोकांची रांग, धूळ, घाई, आणि खालीं पडलेला एक चिमटा! असला एक चिमटा आमच्याही हातून पडला आहे. ती हकीकत सांगून हा लेख पुरा करतों.

आम्ही काम करीत होतों त्या प्रयोगशाळेंत एका रुग्णालयाकडून तान्ह्या मुलांच्या रक्ताच्या नळ्या येत. त्यांस गोवराची लस टोंचलेली असे. लस लागू पडून प्रतिपिंडें झालीं किंवा नाहीं हें पाहावयाचें, व ज्यांच्या रक्तांत तीं आढळणार नाहींत त्यांच्या आईबापांस रुग्णालयानें पुन्हां बोलावून घ्यावयाचें, अशी योजना होती. तपासणीची जी पद्धति आम्ही वापरीत होतों ती १९७१ सालीं स्टॉकहोम विद्यापीठांत एव्हा एंग्वाल व पेटर पर्लमन यांनीं प्रसिद्ध केली. तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या प्लेटमध्यें ९६ बारीक खळगे असतात: बारा उभ्या रांगा, प्रत्येकींत आठ खळगे. खळग्यांच्या तळास गोवराच्या विषाणूचा अंश चिकटविलेला असतो. एका मुलाचें सीरम एका उभ्या रांगेंत, वरून खालीं निम्मे निम्मे पातळ करीत, घालावयाचें. प्रतिपिंडें असलीं तर तीं तळास चिकटतात. मग खळगे धुवून त्यांत, मनुष्याच्या प्रतिपिंडांस चिकटणारें व रंग उत्पन्न करण्याची शक्ति असलेलें दुसरें द्रव्य सोडतात. पुन्हां धुतात व शेवटीं एक रंगहीन द्रव घालतात. जेथें प्रतिपिंडें आहेत तेथें तो निळा होतो, व आम्लाचा थेंब पडतांच पिंवळा. दहा मुलें एका प्लेटवर बसत. उरलेल्या दोन रांगांत एक निश्चित प्रतिपिंडें असलेलें व एक निश्चित नसलेलें सीरम, म्हणजे आपली तपासणी ठीक चालली आहे कीं नाहीं हें ताडून पाहतां येतें.

एके दुपारीं सातव्या रांगेंत सीरम घालीत असतां द्रवरूप नायट्रोजन आणणारा मनुष्य दाराशीं आला व आम्ही उठून त्याची पावती सही करून दिली. परत येऊन कामास लागलों. सायंकाळीं प्लेट सुरेख उठली. दहाही मुलांच्या रांगा वरून पिंवळ्या व खालीं फिकट होत गेलेल्या. आम्हीं यादी लिहिली, "सर्वांस प्रतिपिंडें आहेत" असा शेरा मारला, व ती प्रमुख बाईंच्या टेबलावर ठेवून दिली. नंतर नळ्या फ्रीजरमध्यें परत ठेवतांना दिसलें कीं, आठव्या मुलाची नळी इतरांहून किंचित् अधिक भरलेली आहे, व सातव्याची किंचित् कमी. प्लेट पुन्हां पाहिली. सातवी व आठवी रांग जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या.

घरीं गेलों, जेवलों, पण झोंप आली नाहीं. नळ्यांत थोडाफार फरक असतोच, असें मन सांगे. यादी तर बाईंच्या हातीं पडलेली. सीरम इतकें थोडें कीं, पुन्हां तपासणी केली तर त्या मुलाचें सारें संपून जाणार, आणि आमची शंका खोटी ठरली तर उगाच नासाडी केल्याचा दोष येणार. आठ महिन्यांच्या मुलास केवळ आमच्या शंकेसाठीं पुन्हां सुई टोंचा, असें कोणत्या तोंडानें सांगावयाचें? अशीं कारणें पहांटेपर्यंत एकामागून एक सुचत होतीं, आणि त्यांतलें प्रत्येक कारण थोडेंबहुत खरेंही होतें.

सकाळीं बाई येण्यापूर्वींच आम्ही त्यांच्या दाराशीं उभे होतों. आमचें बोलणें त्यांनीं मध्यें न थांबवितां ऐकून घेतलें. रागावल्या नाहींत, शाबासकीही दिली नाहीं. "तुमची वही आणा," एवढेंच म्हणाल्या. वही आणल्यावर, किती वाजतां उठलों, कितव्या रांगेंत होतों, परत किती वेळानें बसलों, हें सारें तेथेंच त्यांच्यासमोर लिहावयास लाविलें. मग दुसरी प्लेट काढली, व सातव्या आणि आठव्या मुलाची तपासणी त्यांनीं स्वतः केली. आम्हीं शेजारीं बसून प्रत्येक खळग्याचा आंकडा मोठ्यानें म्हणावयाचा, असा हुकूम होता. त्या वेळीं त्यांनीं एक युक्ति दाखविली. पिपेटच्या टोंकास लावावयाच्या टिपांच्या पेटींतही ९६च छिद्रें असतात, व तीं प्लेटच्या खळग्यांप्रमाणेंच मांडलेलीं असतात. ज्या खळग्यांत सीरम घालावयाचें, पेटींतील त्याच जागेची टिप उचलावी. म्हणजे मध्यें कोणी हांक मारली तरी परत आल्यावर पेटी पाहून, आपण कोठें होतों हें कळतें. ही गोष्ट आम्हांस आधींच सांगावयास हवी होती, असें त्या म्हणाल्या.

दुपारीं रंग उठला. सातवी रांग काल होती तशीच पिंवळी. आठवी रांग वरपासून खालपर्यंत पाण्यासारखी स्वच्छ.

बाईंनीं रुग्णालयास निरोप पाठविला व त्या मुलाच्या आईस पुन्हां बोलावून घेण्यांत आलें. आम्हीं वहींतील जुना शेरा खोडण्यासाठीं लेखणी उचलली, तेव्हां त्यांनीं हात धरला. जुना शेरा वाचतां आला पाहिजे. म्हणून त्यावर एकच आडवी रेघ, खालीं खरा निकाल, तारीख आणि सही. ती वही प्रयोगशाळेची असल्यामुळें नोकरी सोडतांना आम्ही ती तेथेंच ठेवून आलों. त्या पानावर तांबड्या शाईची एक रेघ आहे व तिच्याखालीं आमची सही आहे.